पेडल बंद असूनही आवाज का दबतो? ट्रू बायपास, सोप्या भाषेत

गिटार थेट अँपला जोडा आणि एक मोकळा कॉर्ड वाजवा. मग मध्ये एखादं जुनं वाह पेडल (पायानं पट्टी हलवून गिटारचा आवाज "वाह-वाह" असा वळवणारा डबा) घाला, ते बंदच ठेवा आणि तोच कॉर्ड पुन्हा वाजवा. बऱ्याच जुन्या पेडलांच्या बाबतीत दुसऱ्या वेळी आवाजाची धार गेलेली असते. पेडल बंद आहे, त्याचं काम थांबलेलं आहे, तरी ते आवाजातून काहीतरी खातंय. गणपती, नवरात्र, गड्ड्याची यात्रा असे कार्यक्रमांचे दिवस जवळ आले की सोलापुरात ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं हीच तक्रार घेऊन येतात: "मालक, पेडल बंद असलं तरी आवाज दबतोय." त्यावर कुणीतरी सल्ला देतं: "ट्रू बायपास करून घे."

ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद केलं की त्याचं सर्किट वाटेतून पूर्ण तोडणं. हा सल्ला कधी अगदी बरोबर असतो, कधी त्याचा काडीचा उपयोग होत नाही, आणि कधी तो मानल्यावर आवाज आधीपेक्षा जास्त दबतो. आवाज दबण्याची मुख्य कारणं दोन आहेत आणि ट्रू बायपासचा इलाज त्यातल्या एकावरच चालतो. आपल्या वाट्याला कोणतं कारण आलंय हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. पण त्याआधी गिटारमधून निघणारा सिग्नल किती नाजूक असतो ते समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

पिकअपची ताकद

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की या वेढ्यांत किंचित वीज तयार होते. साध्या गिटारमध्ये ना बॅटरी असते, ना अँप्लिफायर. तारेच्या हालचालीतून जेवढं मिळेल तेवढंच पुढं जातं. मिरवणुकीतल्या बँजोला असा पिकअप लावलेला असेल तर पुढचं सगळं त्यालाही लागू आहे.

या वेढ्यांना दोन गुण असतात. एक रेझिस्टन्स, तो सिंगल कॉइल पिकअपमध्ये साधारण सहा-सात किलोओहम असतो. दुसरा इंडक्टन्स, तो दोन ते पाच हेन्रीच्या आसपास. इंडक्टन्सचा स्वभाव असा की स्वर जितका वरचा, तितका त्याचा अडथळा मोठा. समजा पिकअप २.५ हेन्रीचा आहे. १०० हर्ट्झच्या खर्जाला त्याचा एकूण अडथळा सहा किलोओहमच्या आसपास भरतो, आणि ४,००० हर्ट्झला, म्हणजे जिथं गिटारची चमक राहते तिथं, तो साठ किलोओहमच्या वर जातो. या एकूण अडथळ्याला इम्पीडन्स म्हणतात. अडथळा मोठा म्हणजे तिथून मिळणारा सिग्नल अशक्त. त्याच्यावर थोडं ओझं टाकलं तरी तो वाकतो.

म्हणून गिटार अँपचा इनपुट जाणूनबुजून एक मेगओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा ठेवलेला असतो. तो पिकअपकडून जवळजवळ काहीच मागत नाही, नुसता ऐकतो. जुन्या वाह पेडलचं सर्किट एवढं सोशीक नसतं. त्याच्या तोंडाशी ६८ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि त्यामागे ट्रान्झिस्टर असतो, त्यामुळे त्याचा इनपुट ढोबळ मानानं लाखभर ओहमच्याच घरात राहतो.

आता सोलापूरकरांना पुढचं वेगळं समजवायला नको. काही दिवसांआड पाणी सुटतं, तुमचा नळ तोच, पाइप तोच, पण शेजारच्यानं लाइनीला मोटर लावली की तुमच्याकडची धार बारीक होते. तुमच्या नळाला कुणी हात लावलेला नसतो. जुनं वाह बंद असताना हेच करतं. गिटारचा आवाज अँपकडे सरळ जातोय खरा, पण वाटेत त्याच लाइनीला सर्किटचं तोंड चिकटलेलं असतं आणि ते आपला वाटा ओढत राहतं.

खर्जाला ही ओढ जाणवत नाही, कारण तिथं पिकअपचा अडथळा सहा किलोओहम आणि ओढणारं सर्किट लाख ओहमचं. चार हजार हर्ट्झला मात्र पिकअपचाच अडथळा साठ हजारांवर गेलेला असतो, मग लाख ओहमचं ओझं जड पडतं. त्यामुळे आवाज लहान न होता बोथट होतो. अँपचा ट्रेबल वाढवून हे भरून काढायला गेलं तर सोबत खरखरही वाढते आणि गेलेली चमक पूर्ण परत येत नाही.

बंद करण्याच्या तीन तऱ्हा

वाह पेडल अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीत तयार झालं आणि १९६७ मध्ये बाजारात आलं. अशा पेडलांत एसपीडीटी जातीचा स्विच असायचा: एक पोल, दोन वाटा, तीन पाय. असा स्विच एकच निवड करू शकतो. आउटपुट जॅकनं सर्किटचं ऐकायचं की गिटारचं, एवढंच तो ठरवतो. इनपुटच्या बाजूला निवड करायला त्याच्याकडे दुसरा पोलच नसतो, त्यामुळे सर्किटचं तोंड गिटारला कायम जोडलेलं राहतं. हा झाला अर्धा बायपास. डनलॉपच्या क्राय बेबी जीसीबी-९५ च्या जुन्या आवृत्त्या अशाच आहेत. पुढच्या आवृत्त्यांत कंपनीनं सर्किटच्या तोंडाशी बफर बसवला आणि ओढ बरीच कमी झाली. एकाच नावाची दोन पेडलं त्यामुळे वेगळी वागतात. नावावर जाऊ नका, उघडून बघा.

दुसरी तऱ्हा बफर्ड बायपासची. बॉस कंपनीची छोटी पेडलं (पहिली १९७७ मध्ये आली) आणि आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर या घराण्यातले. यांत पायाखाली येतं ते फक्त एक छोटं बटण. ते दाबलं की आतलं ट्रान्झिस्टरचं सर्किट आपली अवस्था बदलतं आणि एफईटी नावाचे दुसरे ट्रान्झिस्टर आवाजाच्या वाटा उघडतात किंवा मिटतात. पेडल चालू असो वा बंद, सिग्नल आधी बफरमधून जातो. बफर आवाज बदलत नाही, वाढवतही नाही. तो पिकअपकडून नावापुरतं घेतो आणि तोच आवाज दमदार करून पुढे पाठवतो. त्याचा इनपुट पाच-दहा लाख ओहमचा असतो आणि आउटपुट एक किलोओहमच्या आसपास. अशा पेडलनं पिकअपवर ओझं पडत नाही.

तिसरी तऱ्हा ट्रू बायपासची. यात स्विचला निदान दोन पोल असतात. एक सर्किटचं तोंड तोडतो, दुसरा शेपूट. पेडल बंद केलं की इनपुट जॅकपासून आउटपुट जॅकपर्यंत नुसती तार उरते. बॅटरी संपली तरी बंद पेडलमधून आवाज जातो. स्टेजवर हा गुण फार मोलाचा आहे.

आधी दुखणं ओळखा

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी तीन गोष्टी बघा.

पेडलमधली बॅटरी काढा, अॅडॉप्टर काढा आणि दोन्ही अवस्थांत वाजवून बघा. कशातच आवाज जात नसेल तर पेडल बफर्ड आहे. एका अवस्थेत आवाज जात असेल तर तो अर्धा किंवा ट्रू बायपास आहे.

मग खालचं झाकण उघडा आणि इनपुट जॅकच्या टिपवरून, म्हणजे पिनच्या टोकाला टेकणाऱ्या पायावरून, निघणारी तार कुठं जाते ते बघा. ती आधी स्विचवर जात असेल तर ट्रू बायपास असण्याची शक्यता मोठी. ती सरळ सर्किट बोर्डावर जात असेल आणि स्विचला तीनच पाय असतील तर तुमच्या हातात अर्धा बायपास आहे.

तिसरी तपासणी कानांची, आणि माझ्या मते तीच सगळ्यात खरी. दोन केबल आणि एक जॉइनर घ्या, म्हणजे दोन्हीकडून पिन आत जाणारा छोटा जोड. आधी गिटार, पहिली केबल, बंद पेडल, दुसरी केबल, अँप असं वाजवा. मग पेडल काढून त्याच्या जागी जॉइनर लावा आणि तेच वाजवा. जॉइनरनं आवाज उघडला तर दोष पेडलचा. दोन्ही वेळा आवाज सारखाच दबलेला असेल, आणि पहिलीच केबल थेट अँपला लावल्यावर उघडत असेल, तर पेडल निर्दोष आहे. तो दोष केबलचा.

इथं बहुतेक जण थांबतात. केबल तर चांगली आहे, नवी आहे, तिचा काय दोष?

केबलचा हिशोब

गिटारच्या केबलमध्ये मधली तार आणि भोवतीची जाळी यांच्यात कपॅसिटन्स तयार होतो. साधारण केबलला तो मीटरमागे १०० पिकोफॅरड धरायला हरकत नाही. पिकअपचा इंडक्टन्स आणि हा कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक स्वराशी आवाज थोडा उंचावतात. त्या जागेच्या वरचे स्वर झपाट्यानं उतरतात. गिटारचा आवाज घंटेसारखा की जाडसर, हे बऱ्याच अंशी ही जागा ठरवते.

पुन्हा तोच २.५ हेन्रीचा पिकअप घेऊ. त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड आणि पाच मीटर केबलचे ५००, मिळून ६००. हिशोब केला तर ती जागा ४,१०० हर्ट्झच्या आसपास येते. आता मध्ये चार-पाच ट्रू बायपास पेडलं, त्यांना जोडणाऱ्या छोट्या केबल आणि पुढे अँपपर्यंत आणखी पाच मीटर धरा. बेरीज १,२०० पिकोफॅरड झाली की तीच जागा २,९०० हर्ट्झपर्यंत घसरते. मांडवात अँप मागं आणि वाजवणारा पुढं असला तर केबल याहूनही लांब असते.

म्हणजे सगळी पेडलं ट्रू बायपास करून घेतली तरी पेडलं वाटेतून हटली, केबल हटली नाही. उलट, आधी एखादं बफर्ड पेडल नकळत ही लांब केबल सांभाळत असेल आणि तेच ट्रू बायपास केलं, तर सगळा भार पिकअपवर आला. त्याची खूण ठरलेली आहे: एखादं पेडल चालू केलं की आवाज अचानक उघडतो आणि बंद केलं की मिटतो. चालू पेडलचं सर्किट पुढची केबल आपल्या ताकदीनं ओढतं. ते बंद झालं की ते काम पुन्हा पिकअपच्या गळ्यात पडतं.

इलाज एकच बफर आहे, गिटारपासून पहिल्या केबलनंतर लगेच बसवलेला. त्याच्या आउटपुटला एक किलोओहम धरून पुढे १,००० पिकोफॅरडची केबल लावली, तरी आवाज उतरायला लागतो तो जवळपास १,५९,००० हर्ट्झवर. माणसाचा कान २०,००० च्या पुढं ऐकत नाही, त्यामुळे पुढच्या केबलची चिंताच उरत नाही. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांच्यासाठी पेडलबोर्ड बांधणारे इंग्लंडचे पीट कॉर्निश बफरचाच आग्रह धरत आले आहेत. पेडलच्या खोक्यावर "ट्रू बायपास" छापलेलं पाहून जास्त पैसे देणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा असं मला मनापासून वाटतं. ट्रू बायपास हा अर्ध्या बायपासवरचा इलाज आहे. पेडलबोर्डावरचं एखादं चांगलं बफर्ड पेडल मोडून ट्रू बायपास करण्यात पैसा आणि पेडल दोन्ही वाया जातात.

एकाच जागी बफर नडतो: फझ, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं पेडल. फझ फेस जातीच्या सर्किटचा इनपुट फार कमी इम्पीडन्सचा असतो आणि त्याला थेट पिकअप लागतो. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की फझ निवळून स्वच्छ होणं, हे त्या थेट नात्यामुळेच घडतं. मध्ये बफर आला की फझ चरचरीत होतो आणि व्हॉल्यूमला जुमानत नाही. म्हणून क्रम असा: गिटार, ट्रू बायपास असलेला फझ, त्यानंतर बफर, मग बाकीचं सगळं. वाह फझच्या आधी ठेवायची सवय असेल तर वाह बंद असताना त्याचा बफर वाटेत राहत नाही ना, हे बघून घ्या.

प्रत्यक्ष काम: अर्ध्या बायपासचं पेडल

समजा तपासणीत दोष पेडलचाच निघाला. काम अवघड नाही. रेझिस्टर, एलईडी, सोल्डर, तार हे नवी पेठेत किंवा शहरातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. नऊ पायांचा थ्री-पीडीटी फूटस्विच प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. तो ऑनलाइन मागवावा, नाहीतर हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठून बुधवार पेठेत शोधावा. स्विच घेताना एक-दोन जास्तीचे घ्या.

उघडल्यावर आधी मोबाइलनं आतले फोटो काढा, वेगवेगळ्या बाजूंनी. जुना स्विच काढला तरी टाकू नका. पेडल जुनं आणि दुर्मिळ असेल तर मी तरी त्याच्या आत हात घालणार नाही. त्यासाठी दुसरा मार्ग आहे, तो पुढे येतो.

थ्री-पीडीटी स्विचच्या पाठीला तीन-तीनच्या रांगांत नऊ पाय असतात. त्यात तीन पोल, प्रत्येकाचे तीन पाय. कोणते तीन एका पोलचे हे चित्रावर विश्वास ठेवून ठरवू नका, मल्टिमीटरच्या बीपवर ठरवा. मधला पाय एका वेळी एका टोकाशी बीप देतो, स्विच दाबला की दुसऱ्या टोकाशी. शेजारच्या पोलशी तो कधीच बीप देत नाही. एका बाजूच्या टोकांना आपण "वर" म्हणू, दुसऱ्या बाजूच्या "खाली".

पहिल्या पोलच्या मधल्या पायाला इनपुट जॅकची टिप जोडा आणि वरच्या पायाला बोर्डाचा इनपुट. दुसऱ्या पोलच्या मधल्या पायाला आउटपुट जॅकची टिप, वरच्या पायाला बोर्डाचा आउटपुट. या दोन्ही पोलचे खालचे पाय छोट्या तारेनं एकमेकांना जोडा. आवाजाचं काम इथंच संपलं. स्विच वर असला की गिटार बोर्डातून जाते, खाली असला की सरळ.

तिसरा पोल दिव्यासाठी. मधला पाय ग्राउंडला, वरचा एलईडीच्या ऋण टोकाला. एलईडीचं धन टोक ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ९ व्होल्टला. एलईडीवर दोन व्होल्ट पडतात, उरलेले सात रेझिस्टरवर, म्हणजे साधारण दीड मिलीअँपिअर. आजकालच्या एलईडीला ते पुरतं आणि बॅटरीही लवकर संपत नाही. भर उन्हात वाजवायचं असेल तर रेझिस्टर थोडा कमी करा. वाह पेडलला बहुधा दिवाच नसतो, तिथं सहा पायांचा डीपीडीटी स्विच पुरतो.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट नवी तार जोडण्याची नसून जुनी तोडण्याची आहे. इनपुट जॅकवरून बोर्डाकडे जाणारी मूळ वाट तशीच राहिली तर नवा स्विच बसूनही जुनी ओढ कायम राहते, आणि काम करून काही फरक पडला नाही असं वाटतं. जॅक बोर्डावरच बसवलेले असतील तर तिथं तारच नसते. मग बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक ब्लेडनं कापावा लागतो आणि कापल्यावर तिथं बीप येत नाही ना, हे तपासावं लागतं.

स्विचचे पाय प्लॅस्टिकमध्ये रुतलेले असतात. एका पायावर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आणि लागोपाठ शेजारचा पाय न घेता दूरचा घ्या, म्हणजे पहिला निवतो. प्लॅस्टिक मऊ झालं की आतला संपर्क तिरका होतो आणि स्विच बाहेरून नवा दिसूनही मध्येच तुटायला लागतो. साधं २५ वॅटचं सोल्डरॉन कंपनीचं आयर्न या कामाला पुरतं. तारेचं टोक आणि पाय आधी वेगवेगळे सोल्डरनं ओले करून घेतले की जोड क्षणात होतो.

वाहमध्ये आणखी एक काम कान देऊन करावं लागतं: स्विचची उंची. तो वरच्या पट्टीच्या टोकाखाली बसतो. नट फिरवून तो फार वर ठेवला तर पट्टी पूर्ण खाली जाण्याआधीच स्विच दबतो आणि वाहची शेवटची तीक्ष्ण बाजू हाती येत नाही. फार खाली ठेवला तर गाणं सुरू असताना पाय आपटत बसावं लागतं.

टप्प असा आवाज आणि शिटी

ट्रू बायपास केल्यावर येणारी हमखास तक्रार म्हणजे स्विच दाबला की स्पीकरमधून येणारा "टप्प". सर्किटच्या तोंडाशी एक कपॅसिटर असतो, तो आतल्या बाजूचं डीसी व्होल्टेज अडवून धरतो. पेडल बंद असताना त्याचं बाहेरचं टोक हवेत लोंबतं. कपॅसिटर कितीही चांगला असला तरी त्यातून किंचित गळती होते आणि त्या लोंबत्या टोकावर हळूहळू व्होल्टेज साचतं. स्विच दाबला की ते एका झटक्यात गिटारच्या लाइनीत रिकामं होतं.

यावर उपाय स्वस्त आहे. बोर्डाच्या इनपुटवर आणि आउटपुटवर ग्राउंडला एकेक मेगओहमचा रेझिस्टर जोडा, म्हणजे साचणारं व्होल्टेज आपोआप निचरत राहतं. मात्र तो स्विचच्या पलीकडे, बोर्डाच्या बाजूला बसवा. जॅकच्या बाजूला बसवला तर पेडल बंद असतानाही तो पिकअपला लागून राहील, आणि पाच पेडलांत असे पाच रेझिस्टर मिळून दोन लाख ओहमचं ओझं होईल. ज्या ओझ्यासाठी हे सगळं केलं ते मागच्या दारानं परत येईल.

शिटी ही जोरकस डिस्टॉर्शन पेडलांची खोड. पेडल बंद असताना बोर्डाचा उघडा इनपुट शेजारच्या तारांतून काहीही पकडतो, बोर्ड ते प्रचंड वाढवतो आणि त्यातला थोडा अंश बायपासच्या तारेत झिरपतो. अशा पेडलात पहिल्या पोलची जोडणी बदला: मधल्या पायाला बोर्डाचा इनपुट, वरच्याला इनपुट जॅक, खालच्याला ग्राउंड. दोन्ही पोलांचे खालचे पाय जोडणारी तार इथं काढून टाका आणि इनपुट जॅकवरून एक तार दुसऱ्या पोलच्या खालच्या पायाला न्या. आता बंद अवस्थेत बोर्डाचं तोंड ग्राउंडला बांधलं जातं आणि तो गप्प बसतो. इनपुटची आणि आउटपुटची तार एकमेकींना चिकटून नेऊ नका, हेही शिटीवरचंच औषध.

उघडू नयेत अशी पेडलं

बॉस किंवा ट्यूब स्क्रीमर घराण्यातलं पेडल ट्रू बायपास करता येतं, पण मी करू नका असंच सांगेन. आतलं छोटं बटण क्षणापुरतं दबणारं असतं, त्या जागी थ्री-पीडीटी मावत नाही. शिवाय अवस्था बदलणारं सर्किट कायम चालू स्थितीत अडकवावं लागतं. एवढं करून मिळतं काय, तर एक बरा बफर गमावल्याचं समाधान. डिले आणि रिव्हर्ब यांनाही तोच नियम. ट्रू बायपासमध्ये पेडल बंद करताच घुमत राहिलेला आवाज कापल्यासारखा थांबतो. बफर्ड पद्धतीत तो हळूहळू विरू देता येतो. मल्टिइफेक्ट प्रोसेसरमध्ये तर हात घालायचं कामच नाही.

ज्यांना पेडल न उघडता ट्रू बायपास हवा त्यांनी लूपर बांधावा. (आवाज रेकॉर्ड करून फिरवणारा लूपर वेगळा, हा नुसता डबा.) एका लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या डब्यात एक थ्री-पीडीटी आणि चार जॅक: इन, सेंड, रिटर्न, आउट. वरची पहिली जोडणी जशीच्या तशी, फक्त बोर्डाच्या इनपुटच्या जागी सेंड आणि आउटपुटच्या जागी रिटर्न. बॅटरी लागलीच तर दिव्यापुरती. दुर्मिळ जुनं पेडल, कुरकुर करणारं वाह, काहीही यात अडकवा. स्विच बंद केला की ते पूर्ण तुटतं आणि मूळ पेडलचा एक स्क्रूसुद्धा काढावा लागत नाही. सोल्डरिंग शिकणाऱ्यानं पहिलं काम हेच घ्यावं. स्विचसाठी बारा मिलिमीटरचं भोक लागतं, आणि पाडण्याआधी आत जॅक आणि स्विच एकमेकांना भिडत नाहीत ना, हे कागदावर मांडून बघावं.

झाकण लावण्याआधी

पॉवर न देता दोन तपासण्या करा. बंद अवस्थेत इनपुटच्या टिपपासून आउटपुटच्या टिपपर्यंत बीप आला पाहिजे आणि दोन्ही टिपांपासून ग्राउंडला तो येता कामा नये. चालू अवस्थेत टिप ते टिप बीप थांबला पाहिजे.

मग अॅडॉप्टर. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट आणि आतली पिन ऋण असलेला अॅडॉप्टर लागतो. घरातल्या राउटरचा अॅडॉप्टर मापानं बसतो, पण त्याची आतली पिन सहसा धन असते, कधी व्होल्टही जास्त असतात. पीएनपी ट्रान्झिस्टरची जुन्या घडणीची फझ पेडलं तर धन टोक ग्राउंडला जोडलेली असतात. ती बाकीच्यांबरोबर एकाच अॅडॉप्टरवरून चालवली की अॅडॉप्टर शॉर्ट होतो. त्यांना वेगळी बॅटरी द्या. बॅटरीवर चालणाऱ्या पेडलचा इनपुट जॅक स्टिरिओ असतो, कारण मोनो पिन आत गेली की त्याच्या मधल्या कडीतून बॅटरीचं ऋण टोक ग्राउंडला मिळतं. पिन बाहेर काढली की बॅटरी तुटते. जॅक बदलताना साधा मोनो बसवला तर बॅटरीची ही सोय जाते.

शेवटची गोष्ट सोलापूरच्या धुळीची, त्यातही यंत्रमागाच्या पट्ट्यात राहत असाल तर कापसाच्या बारीक तंतूंची. ट्रू बायपासमध्ये आवाज बंद अवस्थेतही त्या स्विचच्या धातूच्या संपर्कांतूनच जातो, त्यामुळे संपर्क मळला तर तो इफेक्टबरोबर अख्खी गिटार बंद पाडतो. पेडलबोर्ड वापरात नसताना झाकून ठेवा, हंगामाआधी स्विच पंधरा-वीस वेळा दाबून घ्या, खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. तरीही आवाज तुटत असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता स्विच बदला, आणि कार्यक्रमाच्या बॅगेत पेडलच्या जागी लावता येईल असा जॉइनर ठेवा.